ठरलेल्या दिवसाचे बाळंतपण

बाळंतपणाची वेळ देवालाच ठाऊक, या समजुतीवर मराठी घरांची सारी जुनी व्यवस्था उभी होती. सातव्या महिन्यात ओटी भरायची, पुढे लेकीला माहेरी आणायचे, सुईणीला सांगून ठेवायचे आणि वाट पाहायची. आज शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील पुष्कळशा घरांत हे वाट पाहणे संपले आहे. मंगळवारी सकाळी आठला दाखल व्हायचे, साडेनवाला शस्त्रक्रिया आणि दहाच्या सुमारास पेढे, इतक्या नेमकेपणाने दिवस ठरलेला असतो. नियोजित सिझेरियन, लोकांच्या बोलीत ‘आधीच ठरवलेले सिझर’, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पुरेसे बोलके आहेत. २००५-०६ च्या पाहणीत देशातील शंभर जन्मांमागे ८.५ जन्म शस्त्रक्रियेने झालेले आढळले होते. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण २१.५ वर गेले. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के आहे, म्हणजे जन्मणाऱ्या दर चार मुलांमागे एक. या आकड्यांत ऐनवेळी कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियाही मोडतात हे खरे. तथापि आधी ठरवून केलेल्यांचा वाटाही लहान नाही, कारण पहिले सिझेरियन झालेल्या स्त्रीचे दुसरे बाळंतपण आपल्याकडे बहुधा ठरवूनच केले जाते.

यात एक विसंगती आहे. ज्या शस्त्रक्रियेची तारीख दोन-तीन आठवडे आधी ठाऊक असते, तिच्यासाठी घर कसून तयारीला लागते. अनामत रकमेची सोय होते, रजेचा अर्ज जातो, डिंक आणि अळीव आणले जातात, दुपटी धुऊन उन्हात घातली जातात. जिच्या पोटावर शस्त्र चालणार असते तिला मात्र टेबलावर काय होईल, त्यानंतर सहा आठवडे शरीर कसे वागेल, हे सांगण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते. डॉक्टरांना सवड नसते, परिचारिकेला अधिकार नसतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा अनुभव वेगळ्या काळातला असतो. मग ती शेजारणीच्या कहाण्यांवर विसंबते. आणि शेजारणीची कहाणी एकतर ‘काही कळलेसुद्धा नाही’ अशी असते, नाहीतर ऐकणाऱ्याची झोप उडवणारी.

नावाची दंतकथा

या शस्त्रक्रियेच्या नावाशी ज्यूलियस सीझरचा संबंध जोडला जातो, पण त्याचा जन्म असा झाला असण्याची शक्यता फार कमी. त्याची आई ऑरेलिया तो कर्तासवरता होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळी पोट फाडलेली स्त्री जगत नसे. आपल्याकडेही चंद्रगुप्त मौर्याच्या विषबाधेने मरण पावलेल्या राणीचे उदर चाणक्याने चिरून बिंदुसाराला वाचवले, अशी जैन परंपरेतील कथा आहे. दोन्ही कथांमध्ये आईच्या जगण्याचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. तो प्रश्न खऱ्या अर्थाने सुटू लागला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लाइपझिगच्या माक्स झेंगर याने १८८२ साली गर्भाशयाची जखम टाके घालून नीट शिवण्याची पद्धत मांडली. तोवर गर्भाशय शिवण्याचा प्रघातच नव्हता. पुढे भूल, निर्जंतुकीकरण, रक्त आणि प्रतिजैविके यांची जोड मिळाली आणि एके काळी मृत्यूची खात्री देणारी ही क्रिया जीव वाचवणारी झाली. तिच्याविषयी सरसकट कुरकुर करणाऱ्यांनी एवढा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

वार गर्भाशयाच्या मुखावर बसलेली असेल, बाळ आडवे असेल, जुळ्यांतील पहिल्याचे डोके खाली नसेल, तर दिवस ठरवून शस्त्रक्रिया करणे यात शहाणपण आहे. पायाळू बाळ किंवा आधीचे सिझेरियन असेल तर निर्णय परिस्थिती पाहून घ्यावा लागतो. केवळ नाळ गळ्याभोवती दिसते एवढ्यावरून मात्र पोट उघडण्याचे कारण नाही. पुष्कळ बाळे नाळेचा वेढा घेऊन येतात आणि सुखरूप जन्मतात.

दिवस कोणता, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच आता पंचांगाशीही येऊन ठेपला आहे. मुहूर्त काढून आणणारी सुशिक्षित कुटुंबे आज दुर्मिळ नाहीत, आणि ‘गिऱ्हाईक दुखवायचे कशाला’ म्हणून त्यांना मान तुकवणारेही भेटतात. गुंतागुंत नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया करू नये, असा वैद्यकाचा संकेत आहे आणि त्याला कारण आहे. गर्भात असताना बाळाच्या फुप्फुसांत द्रव असतो. कळा सुरू झाल्या की शरीरातील स्रावांच्या प्रभावाने तो शोषला जाऊ लागतो. कळांवाचून आणि आठवडा-दोन आठवडे आधी बाहेर काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव म्हणूनच वाढतो, आणि मग गुरुपुष्यामृतावर जन्मलेले बाळ पहिले दोन दिवस आईपासून दूर, काचेच्या पेटीत काढते. ग्रह अनुकूल असले तरी फुप्फुसे तयार असावी लागतात.

टेबलावरचा तास

तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. शस्त्रक्रियेपूर्वी सहा ते आठ तास अन्न वर्ज्य; निव्वळ पाणी मात्र सामान्यतः दोन तास आधीपर्यंत चालते. ‘रात्रीपासून घोटभर पाणीही नको’ हा जुना दंडक अजून अनेक ठिकाणी पाळला जातो. त्याविषयी आधीच विचारून घ्यावे. रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासलेले असते, गरजेप्रमाणे रक्ताची जुळणी करून ठेवलेली असते. देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती, पाचव्या पाहणीप्रमाणे ५२.२ टक्के, रक्तक्षयाने ग्रस्त आहेत आणि सिझेरियनमध्ये नैसर्गिक प्रसूतीपेक्षा रक्तस्राव अधिक होतो, हे लक्षात घेता लोहाच्या गोळ्या हीच या शस्त्रक्रियेची सर्वांत स्वस्त पूर्वतयारी ठरते. ती अर्थात शेवटच्या आठवड्यात होत नाही.

संमतीपत्रावर सही घेतली जाते. बहुतेक ठिकाणी कागद नवऱ्यापुढे सरकवला जातो, आणि तो घाईघाईने सही करतो. वस्तुतः सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीची संमती तिची स्वतःचीच असावी लागते. रुग्ण स्त्री भुलेखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती ग्राह्य नाही, आणि संमतीला पुरेशा माहितीचा आधार हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. त्याच शस्त्रक्रियेत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करायची किंवा तांबी बसवायची असेल, तर तो निर्णय वेगळा आहे आणि त्याची संमतीही वेगळी. हा विषय टेबलावर आडवे झाल्यावर काढण्याचा नव्हे.

नियोजित सिझेरियनमध्ये बहुधा कमरेतून भूल देतात. स्त्रीला बसवून किंवा कुशीवर वळवून, पाठ धनुष्यासारखी वाकवायला सांगून, पाठीच्या खालच्या भागात दोन मणक्यांच्या मधून बारीक सुईने औषध सोडले जाते. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. त्यामुळे ‘सुई मणक्यात गेली आणि कंबर कायमची गेली’ ही भीती निराधार आहे. बाळंतपणानंतर पाठ दुखते ती प्रामुख्याने गरोदरपणातील ताणाने आणि पुढे वाकून पाजण्याने; ती नैसर्गिक प्रसूती झालेल्यांचीही दुखते. काही क्षणांत पाय उबदार आणि मग शिशासारखे जड होतात. रक्तदाब उतरून मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. तसे होताच भूलतज्ज्ञाला सांगावे, त्यावर औषध तयार असते. लघवीची नळी घातली जाते. छातीपुढे पडदा लावला जातो. संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविकाचे इंजेक्शन छेद घेण्यापूर्वीच दिले जाते.

वेदना नसते, पण स्पर्श कळतो, ओढाताण कळते, आणि बाळ बाहेर काढताना पोटाच्या वरच्या भागावर जोराने दाबल्याचे कळते. हे कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून ‘भूल उतरली की काय’ या धास्तीने कितीतरी जणी घाबऱ्या होतात. छेद ओटीपोटाच्या तळाशी आडवा असतो. त्वचा, चरबी, स्नायूंवरचे जाड आवरण असे एकेक थर उघडून, स्नायू न कापता बाजूला सारून गर्भाशयापर्यंत पोचतात. पहिल्या छेदापासून बाळ बाहेर यायला साधारणतः पाच ते दहा मिनिटेच लागतात. उरलेला अर्धा-पाऊण तास वार काढणे आणि एकेक थर शिवत परतणे यात जातो. थंडी भरल्यासारखे सर्वांग कापते. ते भुलेमुळे असते आणि आपोआप थांबते.

बाळ ठीक असेल तर त्याला तिथेच आईच्या उघड्या छातीवर ठेवता येते आणि तासाभरात पाजायला घेता येते. सिझेरियन झाले की दूध तीन दिवस येत नाही, हा समज चुकीचा आहे. पहिल्या दिवसांचा चीक थोडा असतो आणि नवजात बाळाला तेवढा पुरतो. दूध भरायला थोडा विलंब होऊ शकतो खरा. पण जो विलंब बाळाला दुसऱ्या खोलीत नातेवाइकांच्या कौतुकासाठी ठेवल्याने होतो, त्याचा दोष शस्त्रक्रियेवर टाकता येणार नाही.

चौथ्या दिवसानंतर

भूल दोन-चार तासांत उतरते आणि मग टाक्यांची ओळख होते. वेदनाशामके वेळच्या वेळी घ्यावी लागतात. दुखणे असह्य होईपर्यंत थांबण्यात कसलाही पुरुषार्थ नाही आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीलाही चालतील अशी औषधे आहेत. काही तासांत पाणी, चहा आणि हळूहळू हलके अन्न देता येते. नळी साधारणतः बारा ते चोवीस तासांत काढतात आणि त्याच सुमारास उठून चालायला लावतात. ते पहिले उठणे हा या सर्व प्रकरणातील सर्वांत कठीण क्षण, असे बहुतेक स्त्रिया सांगतात. परंतु पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी तो टाळून चालत नाही. कुशीवर वळावे, हातांवर भार देऊन उठावे, खोकताना-हसताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. वायूच्या कळा दुसऱ्या दिवशी टाक्यांपेक्षाही छळतात. चालणे हाच त्यावर उतारा. बसले की वाढणारी आणि आडवे होताच थांबणारी डोकेदुखी क्वचित एखादीला भुलेच्या सुईमुळे होते. तिच्यावर उपाय आहे. ती अंगावर काढू नये.

दोन ते चार दिवसांनी स्त्री घरी येते, आणि तिथे दोन शास्त्रांची गाठ पडते. आजी म्हणते, वरण-भात-तूप आणि डिंकाचा लाडू. शेजारीण म्हणते, तुपाने टाके पिकतात. तुपाने टाके पिकत नाहीत, जंतूंनी पिकतात. पाणी कमी प्यावे म्हणजे पोट सुटत नाही, हा समज तर घातक आहे; पाणी कमी पडले की बद्धकोष्ठ होते आणि टाक्यांवर जोर येतो. अळिवाची खीर, मेथी, खोबरे यांना कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. शेक-शेगडी ताज्या जखमेजवळ आणि बंद खोलीतला धूर तान्ह्या बाळाजवळ मात्र नको. सव्वा महिना बाळंतिणीने घरकामाला हात लावू नये, हा जुना नियम विटाळाच्या भाषेत सांगितला गेला म्हणून अनेकांनी टाकून दिला. त्यातील विश्रांतीचा भाग आधुनिक वैद्यकाच्या सहा आठवड्यांशी जवळजवळ जुळतो. या काळात बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये, हे कळशी, गॅसची टाकी आणि धाकट्याला कडेवर मागणारे थोरले मूल या तिघांनाही लागू आहे.

ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंध, तासाभरात पॅड भिजून जाईल इतका रक्तस्राव, एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे काजवे, यांपैकी काहीही दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अंगावरून जाणे सहा आठवड्यांपर्यंत चालू राहू शकते. ते हळूहळू कमी होत गेले म्हणजे काळजी नाही. रडू पहिल्या आठवड्यात येतेच. दोन आठवड्यांनंतरही उदासी ओसरत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो नाटकीपणा नसून आजार आहे. त्यातच ‘तुझे काय बाई, कळा न सोसता मोकळी झालीस’ हे वाक्य प्रत्येक भेटायला येणारी एकदा तरी ऐकवून जाते. पोटाचे सारे थर चिरून शिवलेल्या बाईला दर दोन-तीन तासांनी रात्रीतून उठावे लागते. कळांचा हिशेब मागणाऱ्यांनी तोही जमेस धरावा.

विश्रांतीची किंमत

रुग्णालयाचे बिल दिसते, विश्रांतीची किंमत दिसत नाही. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझेरियनसुद्धा विनामूल्य आहे. औषधे, रक्त, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि ने-आण हे सारे त्यात येते. तरीही पाचव्या पाहणीत सरकारी रुग्णालयातील प्रसूतीमागे कुटुंबाच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेलेले आढळले. विनामूल्य या शब्दाचा अर्थ आपल्याकडे असा लवचीक आहे. सहा आठवडे बाळंतिणीच्या जागी कोण राबतो, हा प्रश्न तर कोणत्याच हिशेबवहीत नाही. शिक्षिकेला किंवा लिपिक स्त्रीला रजा मिळते: १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच मुदत ठेवली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. धुणीभांडी करणारी, शेतावर जाणारी, घरी शिलाई करणारी स्त्री मात्र टाके सुकण्याआधी कामाला लागते, आणि तिच्या पोटावरचा छेद काही वेगळा नसतो.

म्हणूनच शस्त्रक्रिया आवश्यक होती का, हा प्रश्न पैशापुरता राहत नाही. पाचव्या पाहणीत खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के जन्म सिझेरियनने झाले, सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के. तेलंगणात एकूण प्रमाण ६०.७ टक्के, नागालँडमध्ये ५.२. स्त्रियांची शरीररचना राज्याच्या सीमेवर बदलत नाही. खासगीत पैसेवाल्या आणि वयाने मोठ्या स्त्रिया अधिक जातात हे मान्य केले, तरी एवढी दरी त्याने भरून निघत नाही. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात ज्ञान विकणाऱ्याकडे असते, घेणाऱ्याकडे नसते. तिथे भाजीबाजाराचे नियम चालत नाहीत. पुढे १९९६ साली ग्रुबर आणि ओविंग्स यांनी अमेरिकेतील आकडे तपासले. १९७० नंतर जन्मदर घटून डॉक्टरांचे उत्पन्न कमी होऊ लागले, तसा त्यांचा कल अधिक मोबदल्याच्या सिझेरियनकडे झुकला, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पण सारा दोष लोभावर टाकणे सोपे आहे. तालुक्याच्या गावी एकच डॉक्टर असलेले प्रसूतिगृह असते. भूलतज्ज्ञ दिवसभरात पाच ठिकाणी फिरतो, रक्तपेढी जिल्ह्याला असते. मध्यरात्री बाळाचे ठोके मंदावले तर अर्ध्या तासात शस्त्रक्रिया करण्याची सोय तिथे नाही. अशा ठिकाणी बारा-पंधरा तास कळांची सोबत करण्यापेक्षा सकाळचा एक तास ठरवून घेणे हे डॉक्टरांच्या दृष्टीने धोका टाळणेही असते. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ते प्रसूतिगृहही नाही, तिथे हीच शस्त्रक्रिया वेळेवर न मिळाल्याने स्त्री दगावते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली १० ते १५ टक्के ही मर्यादा सांगितली होती. २०१५ मध्ये तिनेच असे मत मांडले की, प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने लोकसंख्येच्या पातळीवर मातामृत्यू घटलेले दिसत नाहीत. मात्र विशिष्ट टक्केवारी गाठण्यामागे लागण्याऐवजी ज्या स्त्रीला गरज आहे तिच्यापर्यंत शस्त्रक्रिया पोचवावी.

पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय पुढच्या बाळंतपणावरही सावली टाकतो. दर सिझेरियनगणिक वार जुन्या व्रणात घट्ट रुतून बसण्याचा धोका वाढत जातो. दुसरीकडे ‘एकदा सिझर ते कायम सिझर’ हेही खरे नाही. योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी शंभरात साठ ते ऐंशी जणी पुढच्या वेळी नैसर्गिकरीत्या प्रसूत होऊ शकतात. जुना व्रण उसवण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो, आणि म्हणून असा प्रयत्न तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच करायचा असतो. दोन बाळंतपणांत किमान दीड-दोन वर्षांचे अंतर हवे. हे सारे ठरते ते गर्भाशयावरील छेद कसा घेतला होता यावर. पोटावरचा व्रण पाहून ते कळत नाही. वर आडवी रेघ आणि आत उभा छेद, असेही क्वचित असू शकते. घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर शस्त्रक्रियेचे कारण, गर्भाशयावरील छेदाचा प्रकार आणि रक्त दिले असल्यास त्याची नोंद आहे ना, हे तिथेच वाचून घ्यावे आणि नसेल तर लिहवून घ्यावे. ते कार्ड बहुतेक घरांत औषधांच्या बिलांबरोबर वर्षभरात रद्दीत जाते. पुढच्या खेपेला गाव नवे असते, डॉक्टर नवा असतो, आणि त्याचा पहिला प्रश्न त्याच कार्डाविषयी असतो.